भिंतीपलीकडची मॅच

टिल्लीचं नाव टिल्ली पडलं तेव्हा ती खरोखरच टिल्ली होती. आता ती दारातून जरा वाकूनच आत येते, तिच्या मापाचे बूट बायकांच्या दुकानात मिळत नाहीत, आणि तिची सर्व्हिस परतवताना समोरचीच्या मनगटाला झिणझिण्या येतात. पण घरात चिकटलेलं नाव काही निघत नाही. अंपायर तिला आडनावाने पुकारतो, वर्तमानपत्रं पूर्ण नाव छापतात, आणि आई हॉटेलच्या लॉबीत चारचौघांदेखत विचारते, "टिल्ले, मोजे बदललेस का?"

ही आई मुलीच्या मागोमाग अर्धं जग हिंडली होती. कुठल्या विमानतळावरचे बाक आडवं व्हायला बरे, कुठल्या स्टेडियमच्या कुठल्या दरवाजाशी दुपारची सावली येते, सगळं तिला पाठ. पण टिल्ली व्यावसायिक टेनिस खेळायला लागल्यापासून तिची एकही मॅच आईने डोळ्यांनी बघितलेली नव्हती. कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. आईचं आईलाही कधीकधी खरं वाटायचं नाही.

झालं होतं असं. टिल्ली शाळेत असताना मुलींच्या एका स्पर्धेत खेळत होती आणि आई पुढच्याच बाकावर बसली होती. आईच्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर येतं. पॉइंट गेला की टिल्ली वळून आईकडे बघायची, आणि आईचा चेहरा बघून तिचा पुढचा पॉइंटही जायचा. शेवटी आईलाच ते बघवेना. ती बाटली उचलून पाणी आणायला म्हणून उठली. नळावर ही रांग! परत येऊन बघते तर टिल्ली जाळीपाशी हात मिळवत होती, आणि जिंकलेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅचच्या आधी टिल्ली आईच्या ओढणीशी खेळत म्हणाली, "आई, आजपण जरा पाणी आणायला जातेस?"

"बाटली भरलेली आहे की."

"तरी जा ना."

आई गेली. टिल्ली ती स्पर्धा जिंकली. तेव्हापासून आई पाणी आणायला जी गेली ती परत आलीच नाही म्हणायची.

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण टेनिसवाल्यांच्या जगात याला वेडेपणा म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. तिथे एकजण कोर्टावरच्या पांढऱ्या रेषेवर पाय देत नाही. दुसरी जिंकली की स्पर्धा संपेपर्यंत त्याच नळाखाली आंघोळ करते, मग तिथे रांग लागली तरी बेहत्तर. टिल्लीचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते एवढे शिकलेसवरलेले, पण त्यांच्या टोपीला कुणी हात लावला की अंगावर धावून जातात. नियम एकच. जिंकताना जे जसं होतं ते तसंच ठेवायचं, तसूभरही हलवायचं नाही. आणि टिल्ली जिंकताना आई बाहेर होती.

मग आईने बाहेर आपला संसार थाटला. ती मूळची शिवणकाम करणारी. घराखालच्या गाळ्यात तिचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान होतं. त्यामुळे पर्समध्ये सुईदोरा कायम. स्टेडियमच्या मागे, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खोलीशेजारी ती एखादी खुर्ची मिळवायची आणि काहीतरी शिवत बसायची. हळूहळू इतर खेळाडू मुली फाटलेले स्कर्ट, उसवलेले खिसे घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. "मावशी, हा खिसा जरा खोल करून द्या ना, दुसरा चेंडू पडतो." मावशी द्यायच्या. त्यातली एखादी दुसऱ्या दिवशी तोच स्कर्ट घालून टिल्लीला हरवायची. आईने कधी मनात ठेवलं नाही. फक्त अशा वेळी तिला वाटायचं, निदान टाका उसवला असता तर.

शिवता शिवता ती ऐकायची. जिवाचा कान करून ऐकायची. टिल्लीची सर्व्हिस नीट बसली की एकच कडक आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टाळ्या. खांदा दुखत असला की तोच आवाज ओल्या लाकडासारखा यायचा. टाळ्यांचे तर तिने प्रकारच पाडले होते. मन लावून वाजवलेल्या, समोरचीने चूक केली म्हणून वाजवलेल्या, आणि हरणाऱ्याची कीव येऊन वाजवलेल्या. या तिसऱ्या टाळ्या तिला बिलकुल खपत नसत.

फोनवर बघायला काय हरकत होती? तेही करून झालं होतं. एकदा तिने चोरून फोन उघडला, आणि जिंकत आलेली मॅच टिल्लीने घालवली. आईने त्या दिवशी कानाला खडा लावला. नंतर रेकॉर्डिंग बघता आलं असतं, पण निकाल कळलेली मॅच म्हणजे गार झालेला चहा. घशाखाली उतरतो, तरतरी येत नाही. आणि गंमत बघा, टिल्लीचे बाबा घरी सोफ्यावर पाय पसरून एकूणएक मॅच बघायचे. आयुष्यभर बस चालवून गुडघे गेलेले, त्यांना प्रवास झेपत नव्हता. विमानात पाय आखडून घेणारी बाई काही बघत नव्हती, आणि सोफ्यावरचा माणूस संध्याकाळी फोनवर तिलाच वर्णन करून सांगायचा.

"अगं, काय बॅकहँड मारला पोरीने!"

"कसा मारला हो?"

"कसा म्हणजे? असा!" बाबा म्हणायचे, आणि बहुधा तिकडे हात फिरवायचे.

वर्षं गेली. टिल्ली एकेकाळी जागतिक क्रमवारीत पहिल्या तिसात होती, मग पन्नासात, मग शंभराच्या बाहेर. खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. सोबतच्या मुली आया झाल्या, समालोचक झाल्या, एकीने तर बेकरी काढली. आणि या वर्षी टिल्लीने जाहीर करून टाकलं की ही मोठी स्पर्धा शेवटची. आयोजकांनी जुनी ओळख ठेवून तिला थेट प्रवेश दिला. पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळेल असं सगळ्यांनी धरलं होतं. टिल्लीनेसुद्धा.

आईने मात्र मनाशी काहीतरी वेगळं धरलं होतं. पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी टिल्ली हॉटेलच्या पलंगावर खांद्याला बर्फाची पिशवी लावून पडली होती. आई खिडकीशी एक शिवण उसवत होती. नजर शिवणीवरच ठेवून ती म्हणाली, "टिल्ले, या वेळी मी आत येऊ का?"

आईने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं.

"आई, पहिली फेरी होऊ दे. मग बघू."

"बरं."

पहिली फेरी टिल्ली जिंकली. आईचा जीव भांड्यात पडला. आनंद तर झालाच, पण आनंदाच्या मागे दुसरं काहीतरी उभं होतं, ते म्हणजे उद्या आत जायला मिळणार. रात्री जेवताना तिने पुन्हा विषय काढला.

टिल्ली काट्याने बशीतला बटाटा इकडून तिकडे ढकलत राहिली. "आई, आज मी जिंकले तेव्हा तू कुठे होतीस?"

"धुलाईच्या खोलीपाशी."

"मग? आता कसं बदलायचं?"

मास्तरांनी टोपी सावरत मान हलवली. त्यांच्या दृष्टीने यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसरी फेरीही टिल्ली जिंकली, आणि आईला सगळा पेच लख्ख दिसला. टिल्ली जिंकत होती तोवर आत जायची सोय नव्हती. आणि हरली की आत बघायला काही उरणारच नव्हतं. म्हणजे कसंही झालं तरी आई बाहेरच. त्या रात्री तिला राग आला, आणि मुलगी जिंकत असताना राग येतो याची लाज वाटली. तिला टिल्लीने जिंकायला हवंच होतं. पण तिला बघायचंही होतं. आपण पोटच्या पोरीचं ताप आलेलं अंग बघितलं, पडलेले दुधाचे दात बघितले, ऑपरेशनच्या टेबलावरून आणलेली निपचित पोर बघितली, आणि जे करायला ती जन्माला आली तेवढंच बघितलं नाही, हे तिला सहन होईना. यात मोठं काही मागितलं होतं असंही नाही. सगळ्या जगाला तिकीट काढून जे मिळत होतं तेवढंच.

तिसऱ्या फेरीत समोर एक उंच डावखुरी होती. आई आपल्या खुर्चीवर, हातात कुणाचा तरी स्कर्ट. पहिला सेट गेला हे तिला अंपायरच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिसचा आवाज ओला येऊ लागला, बुटांचे आवाज उशिरा येऊ लागले, आणि मग त्या नको असलेल्या टाळ्या सुरू झाल्या, कीव करणाऱ्या. अंपायर म्हणाला, तीन-एक. समोरचीचे तीन.

आईने सुई स्कर्टातच खोचली. आणखी थोडा वेळ, की संपलं. मग सामान भरायचं, घरी जायचं, आणि सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसून गार चहा प्यायचा. तिच्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही. गळ्यातला पास तिने इतकी वर्षं फक्त धुलाईच्या खोलीत शिरायला वापरला होता. तो तिने दारावरच्या बाईपुढे धरला.

"बाजू बदलेपर्यंत थांबा काकू. मधेच सोडता येत नाही."

"थांबते. मला सवय आहे."

चार-एक झाल्यावर दार उघडलं. आई जिना चढून अगदी वरच्या, शेवटच्या ओळीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली, टिल्लीला दिसू नये म्हणून. आणि खाली बघितलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चुकीच्या कोर्टावर आलो. खाली जी बाई होती ती तिच्या ओळखीची नव्हती. ती चेंडू आपटायची, थांबायची, पुन्हा आपटायची. पॉइंट झाला की मागच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांकडे पाठ करून टॉवेलात तोंड खुपसायची. मारताना तिच्या तोंडून जो हुंकार निघायचा तो भिंतीपलीकडे मुलीचा वाटायचा, इथे एखाद्या ओझं उचलणाऱ्या माणसाचा वाटत होता. आणि चेंडू तर दिसेचना. आई चेंडू शोधायची तोवर तो परत गेलेला असायचा. चेंडूकडे बघितलं की टिल्ली सुटायची, टिल्लीकडे बघितलं की पॉइंट कुणाला मिळाला ते कळायचं नाही. एवढे दिवस डोळे लावून बसली होती, आणि आता डोळ्यांना काही जमत नव्हतं. तिला रडू कोसळणार असं वाटलं. तिने डोळे मिटून घेतले.

मिटल्याबरोबर सगळं जागेवर आलं. हा टिल्लीचा बूट. ही तिची सर्व्हिस, अजून ओलीच आहे. हा समोरचीचा फटका, लांब जाणार. गेला बाहेर. आई पुन्हा आपल्या खुर्चीवर आल्यासारखी सैलावली आणि ऐकत राहिली. अंपायर म्हणाला, चार-दोन. मग चार-तीन.

आता डोळे उघडावेत म्हणून तिने पापण्या हलवल्या, आणि ती थबकली. डोळे मिटल्यावर टिल्ली गेम जिंकू लागली होती. उघडले आणि हरली तर? इतकी वर्षं मुलीच्या आणि मास्तरांच्या खुळाला ती मनातल्या मनात हसत आली होती. आता तोच रोग तिलाही जडला. तिने पापण्या घट्ट आवळल्या.

शेजारच्या गृहस्थाने हळूच विचारलं, "आजी, झोप लागली का? मॅच रंगात आली आहे हो."

"मी जागी आहे. तुम्ही बघा."

टिल्लीने तो सेट घेतला. तिसराही घेतला. शेवटच्या पॉइंटला सगळा जमाव उठून ओरडायला लागला तेव्हा आई एकटी बसलेली होती, डोळे मिटून.

मॅच संपल्यावर खालच्या बोळात टिल्लीने तिला गाठलं. खांद्यावर बॅग, केसांतून घाम गळतोय. आई चोरी पकडली गेल्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू आत होतीस."

"हो."

"शेवटच्या ओळीत. मी तिसऱ्या सेटमध्ये बघितलं तुला. डोळे मिटून बसली होतीस."

"हो गं. मला ते चेंडूचं काही…"

"कधी आलीस आत?"

"चार-एकला."

टिल्ली हिशेब करू लागली. तिच्या कपाळावर तो हिशेब दिसत होता. चार-एक, मग सलग पाच गेम. मास्तर मागून आले, त्यांनीही ऐकलं, आणि तेही हिशेबाला लागले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आई," टिल्ली म्हणाली, "पुढच्या मॅचला आत ये. पण डोळे मिटून."

आईला वाटलं थट्टा करते आहे. पोरीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"अगं पण टिल्ले…"

"प्लीज आई."

"बरं," आई म्हणाली. मग ती प्रसाधनगृहात गेली, दाराला कडी लावली आणि रडली. रडता रडता तिला हसू फुटलं. संध्याकाळी फोनवर बाबांना तिने सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे काही बदललंच नाही की. बाहेर होतीस ती आत आलीस एवढंच."

"इथल्या खुर्चीला गादी आहे," आई म्हणाली.

पुढची मॅच उपांत्यपूर्व फेरीची, म्हणजे मोठ्या कोर्टावर. तिथे कालची खुर्ची कुठून आणायची? यावर नाश्त्याच्या टेबलाशी टिल्ली आणि मास्तरांनी वकिलांसारखा खल केला. खुर्ची महत्त्वाची की डोळे? शेवटी असं ठरलं की खुर्ची त्या कोर्टाची होती म्हणून ती बाद, डोळे आईचेच आहेत म्हणून ते कायम. आई पावाला लोणी लावत ऐकत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही.

तर अशी ती मास्तरांच्या शेजारी पहिल्या ओळीत बसली, कठड्याला हात लागेल इतकी जवळ. खेळाडू आत येण्याआधीच तिने डोळे मिटले. उन्हाने पापण्यांच्या आत तांबडं तांबडं झालं.

समोर अठराचीही नसेल अशी एक पोर होती, जिच्याबद्दल वर्तमानपत्रं वेडी झाली होती. पहिला सेट त्या पोरीने घेतला, दुसरा टिल्लीने. आणि आईला आज असं काही ऐकू येत होतं जे भिंतीपलीकडे कधी पोहोचलंच नव्हतं. टिल्लीचा श्वास. रॅकेटवर बोटं बदलताना होणारी खरखर. आणि पॉइंट गेला की ती पुटपुटायची ते.

"टिल्ले, पाय हलव. टिल्ले, झोपलीस का? ऊठ."

ते शब्द टिल्लीचे नव्हते. ते आईचे होते. शाळेच्या दिवसांत सकाळी अंथरुणातून ओढून काढताना ती असंच म्हणायची, याच सुरात, "ऊठ"वर असाच जोर देऊन. आणि ही एवढी मोठी बाई, जिला जग आडनावाने ओळखतं, तिथे हजारो माणसांच्या मधोमध एकटी उभी राहून स्वतःला टिल्ली म्हणत होती. किती वर्षं म्हणत असेल? आई भिंतीमागे स्कर्ट शिवत होती तेव्हाही म्हणत असणार. आईला तिला बघावंसं वाटलं, इतकं की डोळे दुखायला लागले. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, आणि डोळे मिटलेलेच ठेवले.

तिसरा सेट. अंपायर म्हणाला, पाच-चार. टिल्लीचे पाच. आता सर्व्हिस टिल्लीची, हा एक गेम घेतला की उपांत्य फेरी. मास्तरांचा गुडघा आईच्या गुडघ्याशेजारी थडथडत होता. बाजू बदलायची वेळ झाली. आईला वाटलं, टिल्ली आता तिच्या बाकाकडे जाईल. पण बुटांचा आवाज सरळ तिच्याकडे आला.

"आई."

"मिटलेत हं मी. अगदी घट्ट मिटलेत."

"माहीत आहे. उघड."

"अगं, जिंकते आहेस तू!"

"म्हणूनच सांगते. उघड."

"टिल्ली, डोकं फिरलं का?" मास्तर दबक्या आवाजात किंचाळले. "एक गेम राहिलाय! एक!"

"मास्तर, तुम्ही जरा गप्प बसा. आई, उघड डोळे. बघ मला."

आईने डोळे उघडले. उजेडाने आधी काही दिसेना. मग दिसलं. कठड्यापलीकडे हातभर अंतरावर तिची पोर उभी होती. नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा, कानशिलापाशी वाळलेलं मीठ, डोळ्यांभोवती सुरकुत्या, आणि केसांत दोन पांढरे. टिल्ली मागे वळली आणि बेसलाइनकडे चालत गेली.

पहिल्याच पॉइंटला डबल फॉल्ट झाला. आईने चटका बसल्यासारखे डोळे मिटले.

"आई!" कोर्टावरून आवाज आला. लोक हसले. अंपायरने माइकवरून शांततेची विनंती केली. आईने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले नाहीत.

मग तिने बघितलं. चेंडू तिला या वेळीही नीट सापडला नाही, पण तिने तो शोधणंच सोडून दिलं. ती टिल्लीला बघत राहिली. सर्व्हिसच्या आधी ती ओठ आत ओढून घेते, लहानपणी सुईत दोरा ओवताना घ्यायची तसेच. चेंडू वर उडवते तेव्हा सगळं अंग त्याच्यामागे ताणलं जातं आणि टाचा जमिनीवरून सुटतात. धावत जाऊन कोपऱ्यातून एका हाताने बॅकहँड मारते तेव्हा दुसरा हात मागे उघडतो, आणि क्षणभर ती इतकी सुंदर दिसते की आई कठड्यावरून पुढे वाकली. ही माझी. हे हिने माझ्याकडून घेतलेलं नाही, बाबांकडूनही नाही, हे हिचं हिने मिळवलं. आईच्या डोळ्यांचं पारणं फिटलं, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी म्हणत होतं, हे असं किती वर्षं चाललं होतं, आणि तू कुठे होतीस?

तो गेम टिल्लीने घालवला. पुढचा त्या पोरीने घेतला, त्याच्या पुढचाही. शेवटचा चेंडू जाळीत गेला तेव्हा मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टिल्लीने त्या पोरीला जवळ घेतलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि चारी बाजूंना हात हलवला. आई उठून टाळ्या वाजवत होती. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या.

पत्रकारांनी नको तेच विचारलं. पाच-चारला तुम्ही कठड्यापाशी गेलात आणि तिथून मॅच फिरली, काय बोललात? टिल्ली म्हणाली, ते आमचं घरातलं आहे. दुसऱ्या एकाने आडून आडून पुन्हा विचारलं तर तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

नंतर त्या दोघी मालिशच्या खोलीत होत्या. टिल्ली टेबलावर पालथी पडली होती, खांद्यावर बर्फ. आई स्टुलावर बसून तिच्या केसांतले रबर सोडवत होती. मालिशवाली बाई पलीकडे टॉवेल रचत होती.

"टिल्ले, एक विचारू? मी आत आले नसते तर?"

"मग मी परवाच हरले असते."

"तसं नाही. आज मी डोळे उघडले नसते तर?"

टिल्लीने मान वळवून आईकडे बघितलं. आईला वाटलं, आता म्हणेल, छे गं, त्याचा काय संबंध. म्हणायला हवं होतं. कुणीही म्हणालं असतं.

"जिंकले असते," टिल्ली म्हणाली. "शंभर टक्के."

आईचे हात केसांत थांबले. "मग का सांगितलंस उघडायला?"

"कारण आज जिंकले असते तर परवा तुला पुन्हा डोळे मिटायला लावलं असतं. परवा जिंकले असते तर फायनलला तर नक्कीच. माझं मला माहीत आहे ना." तिने चेहरा पुन्हा टेबलात खुपसला. तिथून तिचा आवाज घुसमटून आला. "पाच-चार झाले आणि मनात आलं, आता जिंकलं की संपलं. आईने मला बघायचं राहूनच जाणार."

पोरीने काय सोडून दिलं होतं ते आईला पुरतं कळलं. जगाच्या लेखी एक मॅच गेली होती. टिल्लीने मात्र पूर्ण विश्वासाने, उघड्या डोळ्यांनी, जिंकलेली मॅच तिच्या ओंजळीत घातली होती. ती वाकली आणि तिने टिल्लीच्या ओल्या मानेवर गाल टेकवला.

"कशी खेळते मी?" टिल्लीने विचारलं.

आईने खूप शब्द शोधले. छान, सुंदर, भारी, यातलं काहीही म्हणता आलं असतं.

"अजून बघायचं होतं गं," ती म्हणाली.

टिल्लीचा दुखरा खांदा हलायला लागला. बर्फाची पिशवी घसरून खाली पडली, आणि ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"मला अजून खेळायचं होतं, आई."

मालिशवालीने उरलेले टॉवेल तसेच ठेवले आणि दार हळूच ओढून घेऊन ती बाहेर गेली.